डॅनी केचे चित्रपट : सुरुवात कोणत्यापासून करावी?

जुन्या हॉलिवूडचे संगीतमय विनोदपट आवडीने पाहणाऱ्यांनाही डॅनी के या अमेरिकन विनोदी नट-गायकाच्या बाबतीत एक अडचण हमखास येते. नाव माहीत असते, एखादे गाणे कानावरून गेलेले असते, सोनेरी-तांबूस केसांचा तो सडपातळ माणूस एखाद्या तुकड्यात पाहिलेलाही असतो. पण बसून संपूर्ण चित्रपट पाहायचा म्हटले की सुरुवात कुठून करावी ते उमगत नाही. १९४४ च्या ‘अप इन आर्म्स’पासून १९६३ पर्यंत तो सातत्याने मुख्य भूमिका करत होता, आणि हे चित्रपट इतक्या कमीअधिक प्रतीचे आहेत की चुकीचा चित्रपट आधी हाती लागला तर दुसरा पाहण्याची इच्छाच उरणार नाही. मला ही निवड गेल्या दिवाळीच्या सुट्टीत करावी लागली. पाहणारे आम्ही चौघे होतो : मी, माझी पत्नी, पंच्याहत्तरी ओलांडलेले माझे वडील आणि सुट्टीसाठी आलेली, सातवीत शिकणारी भाची. चौघांचे इंग्रजी चार प्रकारचे. चार संध्याकाळी आम्ही चार चित्रपट पाहिले. त्यांतले दोन मी पूर्वी एकट्याने पाहिले होते. पण एकट्याने पाहणे आणि घरच्यांना घेऊन पाहणे यांत किती अंतर असते, हे त्या चार दिवसांत मला नीट कळले. पुढे जे लिहिले आहे त्याला आधार तेवढाच आहे.

चारच का, तेही सांगतो. ‘व्हाइट ख्रिसमस’ हे नाव सर्वांच्या तोंडी असते आणि १९५४ मध्ये त्याने अमेरिकेत भरपूर कमाईही केली. परंतु तो मुळात गायक-नट बिंग क्रॉस्बीचा आणि आयर्व्हिंग बर्लिनच्या गाण्यांचा चित्रपट आहे. डॅनीची भूमिका आधी फ्रेड अस्टेअरसाठी होती, त्याने नकार दिला. मग डोनाल्ड ओकॉनर ठरला, तो आजारी पडला. तेव्हा कुठे ती डॅनीकडे आली. डॅनी आणि क्रॉस्बी हातात पंखे घेऊन चित्रपटातल्या बहिणींच्या गाण्याची नक्कल करतात तेव्हा क्रॉस्बीला खरोखरच हसू आवरत नाही आणि ते हसू चित्रपटात तसेच ठेवलेले आहे. तेवढ्या प्रसंगासाठी चित्रपट अवश्य पाहावा, पण डॅनीची ओळख करून घेण्यासाठी नव्हे. ‘अ साँग इज बॉर्न’मध्ये लुई आर्मस्ट्राँग, बेनी गुडमन आणि लायनल हॅम्प्टन यांच्यासारखे जॅझचे दिग्गज आहेत, मात्र खुद्द डॅनी त्यात गात नाही. ‘द फाइव्ह पेनीज’ आणि ‘मी अँड द कर्नल’ हे दोन्ही चांगले आहेत. पण त्यांत एक गंभीर नट दिसतो आणि त्याचे मोल आधीचा हसवणारा डॅनी पाहिल्याशिवाय लक्षात येणार नाही. मग उरतात ते ‘द सीक्रेट लाइफ ऑफ वॉल्टर मिटी’ (१९४७), ‘द इन्स्पेक्टर जनरल’ (१९४९), ‘हान्स ख्रिश्चन अँडरसन’ (१९५२) आणि ‘द कोर्ट जेस्टर’ (१९५५).

माझ्यापुरता या चारांचा निकाल एकाच गोष्टीने लावला, आणि ती गोष्ट म्हणजे सबटायटल्स. हे कारण वरवरचे वाटण्याची शक्यता आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

डॅनीची सारी कीर्ती जिभेच्या वेगावर उभी आहे. १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर ‘लेडी इन द डार्क’ या संगीतिकेत त्याने एक गाणे म्हटले. संगीत कुर्ट वाइलचे, शब्द आयरा गर्श्विनचे, आणि त्या शब्दांत सुमारे पन्नास रशियन संगीतकारांच्या नावांखेरीज फारसे काही नव्हते. ती सगळी नावे तो चाळीसएक सेकंदांत म्हणून टाकत असे. त्या एका गाण्याने तो रातोरात नावारूपाला आला. त्याची पत्नी सिल्व्हिया फाइन ही गीतकार आणि संगीतकार होती. नवऱ्याची जीभ काय काय करू शकते हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे चित्रपटांतही तिने त्याच्यासाठी अशीच भराभर म्हणायची गाणी लिहिली. निरर्थक ध्वनी, परदेशी उच्चारांच्या नकला, यमकांच्या माळा आणि मध्येच एखादा गर्भित टोमणा असे सगळे त्यांत एकत्र असते.

ज्याचे कान इंग्रजीत वाढले आहेत त्याला हे ऐकताना मजा येत असणार. आपल्याकडे काय होते ते मी समोर बसून पाहिले. गाणे सुरू झाले की पडद्याच्या तळाशी अक्षरांच्या दोन ओळी येतात, त्या वाचून होण्याआधी पुढच्या दोन येतात, आणि पाहणाऱ्याची नजर खाली गेलेली वर येतच नाही. वडील चष्मा नाकावर सरकवून वाचत होते. अर्ध्या गाण्यात ते “काय म्हणाला तो?” असे विचारत, मग मी रिमोटने चित्र थांबवून सांगत असे, आणि थांबलेल्या चित्रातला डॅनीचा चेहरा नेमका दोन हावभावांच्या मध्ये अडकलेला असे. सबटायटल्स बंद करून पाहिली तर शब्द हातून निसटतात. ठेवली तर चेहरा निसटतो, आणि डॅनीच्या बाबतीत चेहरा निसटला की काहीच उरत नाही, कारण ओठ एक सांगत असतात, भुवया दुसरे आणि लांब बोटे तिसरेच. शब्द कळण्यात विनोदाचा एक भाग आहे हे खरे, पण तो मोठा भाग नव्हे. १९५४ मध्ये तो युनिसेफच्या कामासाठी आशियात फिरला, भारतातही आला. त्या दौऱ्यावरच्या छोट्या चित्रपटात, त्याच्या भाषेचे अक्षरही न कळणारी मुले त्याच्या वेड्यावाकड्या तोंडांकडे पाहून हसताना दिसतात. त्या मुलांना जे मिळाले ते आपल्याला सबटायटल्समुळे मिळू नये, याची मला मनापासून चुटपुट लागली. तेव्हापासून प्रत्येक चित्रपटाला मी एकच प्रश्न विचारू लागलो : तळाच्या ओळींकडे न पाहता हा चित्रपट पाहता येतो का?

‘वॉल्टर मिटी’ने पहिल्याच संध्याकाळी मला अडचणीत आणले. वास्तविक कथाकल्पना इतकी चांगली आहे की हाच चित्रपट पहिला ठरायला हवा होता. सवंग मासिके छापणाऱ्या प्रकाशकाकडे मुद्रिते तपासणारा एक दबलेला तरुण, घरी हुकूम सोडणारी आई, तशीच वाग्दत्त वधू. आणि या सगळ्यातून सुटण्यासाठी तो दिवसाढवळ्या स्वप्ने पाहतो. कधी तो वादळातला कप्तान असतो, कधी निष्णात शल्यविशारद, कधी लढाऊ वैमानिक. स्वप्नांची नेपथ्ये आणि टेक्निकलरचे रंग आजही डोळ्यांत भरतात. दर स्वप्नात कुठले तरी यंत्र “ट-पॉकेटा-पॉकेटा” असा आवाज करत राहते. तो आवाज भाचीने तेव्हाच उचलला आणि दुसऱ्या दिवशी मिक्सरला तेच नाव पडले. खलनायक मानसोपचारतज्ज्ञाच्या वेषातला बोरिस कार्लॉफ तर उत्तमच आहे.

परंतु याच चित्रपटात डॅनीची दोन मोठी गाणी येतात, आणि ती आली की कथा जागच्या जागी उभी राहते. वैमानिकाच्या स्वप्नात तो सहकाऱ्यांची करमणूक करण्यासाठी आपल्या जुन्या संगीतशिक्षकाची नक्कल करू लागतो आणि बराच वेळ करतच राहतो. दुसऱ्या स्वप्नात तो पॅरिसचा टोप्या बनवणारा कारागीर होतो. हे दुसरे गाणे सिल्व्हिया फाइनने १९३९ मध्ये रंगमंचासाठी लिहिले होते, म्हणजे ते मिटीसाठी जन्मलेलेच नव्हते, आणि हे ठाऊक नसलेल्यालाही त्याचे ठिगळ जाणवते. माझी पत्नी पहिल्या गाण्याला उठून चहाचे आधण ठेवून आली आणि परत आल्यावर “कुठपर्यंत आलं?” असे विचारले. प्रामाणिक उत्तर असे होते की कुठेच आले नव्हते. मूळ कथा जेम्स थर्बरची, १९३९ सालची, जेमतेम काही पानांची. तिच्यात दडवलेली रत्ने नाहीत, हेरही नाहीत, शेवटी सुटकाही नाही. थर्बरला हा चित्रपट आवडला नाही हे सर्वश्रुत आहे. मी त्याच्याइतका कठोर होणार नाही, कारण स्वप्ने अजूनही ताजी आहेत. फक्त ज्याने डॅनीला आधी पाहिलेले नाही त्याला या चित्रपटात तो तुकड्यातुकड्यांनीच भेटेल, असे मला वाटते.

‘इन्स्पेक्टर जनरल’कडून मला फार अपेक्षा होत्या, आणि त्याचे कारण घरगुती होते. वडिलांच्या पिढीला गोगोलचे हे नाटक पु. ल. देशपांड्यांच्या ‘अंमलदार’मधून पाठ आहे. तोतयाला खरा अधिकारी समजून लाच द्यायला धडपडणारे गावचे कारभारी आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. वडील त्या संध्याकाळी लवकर जेवून बसले होते. चित्रपट सुरू झाला आणि थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात आले की इथे तोतया लबाड नाही. गोगोलचा ख्लेस्ताकोव्ह हा बढाईखोर, उडाणटप्पू आणि मिळेल ते खिशात घालणारा आहे, आणि नाटकाची सारी धार त्यातूनच येते, कारण फसवणारा आणि फसणारे यांपैकी कोणाचीच बाजू घेता येत नाही. चित्रपटातला गेऑर्गी मात्र इतका सरळ आहे की बनावट औषध विकणाऱ्या फिरत्या टोळीतून त्याला हाकलले जाते ते एका म्हातारीला खरे सांगून टाकल्याबद्दल. त्याला लिहितावाचताही येत नाही. असा माणूस गावात शिरला की उपहासाची जागा सहानुभूती घेते. डॅनीसाठी केलेला हा बदल मला समजतो, कारण त्याच्या चेहऱ्यावर लबाडी फार काळ टिकत नाही. तरीही ‘अंमलदार’ मनात असलेल्या माणसाला इथे काहीतरी बोथट झाल्यासारखे वाटत राहते. वडील शेवटी एवढेच म्हणाले, “माणूस गुणी आहे, पण नाटक ते नाही.”

सबटायटल्सच्या कसोटीवर तर हा चित्रपट सर्वांत मागे राहिला. एका गाण्यात गेऑर्गीची स्वतःचीच तीन मुंडकी हवेत प्रकटतात आणि अधिकाऱ्याने कसे वागावे यावर त्याला निरनिराळ्या ढंगात सल्ले देतात. तांत्रिकदृष्ट्या त्या काळाच्या मानाने ही करामत थक्क करणारी आहे. पण चौघे एकाच वेळी गातात तेव्हा तळाच्या ओळी कोणाच्या, हेच कळत नाही. त्यात भर पडली ती प्रतीची. या चित्रपटाच्या स्वामित्वहक्काचे अमेरिकेत नूतनीकरण झाले नाही, त्यामुळे तो कोणालाही वितरित करता येतो आणि फुकट सहज मिळतो. परिणामी उतरलेल्या रंगांच्या, घुसमटलेल्या आवाजाच्या प्रतीच अधिक फिरतात. आमच्या हाती आलेल्या प्रतीत चेहरे विटकरी झाले होते, आणि सबटायटल्स यंत्राने आपोआप तयार केलेली असल्यामुळे गाण्यांच्या वेळी ती वाटेल ते लिहीत होती. डॅनीचे चित्रपट शोधू लागले की हाच आधी सापडतो, आणि बहुतेकांची पहिली भेट याच धुरकट प्रतीतून होत असावी, याचे मला खरोखर वाईट वाटते. एल्सा लँचेस्टर आणि वॉल्टर स्लेझाक यांची कामे पाहण्यासारखी आहेत, म्हणून स्वच्छ प्रत मिळाली तर अवश्य पाहावा. घाई मात्र करू नये.

‘हान्स ख्रिश्चन अँडरसन’ची गोष्ट निराळी आहे. इथे सिल्व्हिया फाइन नाही. गाणी फ्रँक लेसरची आहेत आणि ती सावकाश चालतात. हा अँडरसनचा जीवनपट नव्हे हे चित्रपट सुरुवातीलाच सांगून टाकतो, त्यामुळे डेन्मार्कच्या त्या लेखकाचे खरे आयुष्य यात शोधू नये. एक चर्मकार आहे, तो मुलांना गोष्टी सांगतो, शाळा ओस पडते म्हणून गावाला तो नकोसा होतो आणि तो कोपनहेगनला जातो. तिथे पोचल्याबरोबर तुरुंगात पडलेला हान्स, खिडकीबाहेरच्या एकट्या मुलीसाठी स्वतःच्या अंगठ्यालाच बाहुली करून गातो, तेव्हा मी आमच्या घराकडे एक नजर टाकली : कोणीही तळाच्या ओळी वाचत नव्हते.

आणि मग ते अळीचे गाणे. वर्गात मुले एका सुरात बेरजा म्हणत असतात, दोन आणि दोन चार, चार आणि चार आठ. बाहेर हान्स झेंडूच्या फुलांवर, पाठीची कमान करत पुढे सरकणाऱ्या एका अळीकडे पाहत असतो. ती अळी जणू फुलांचे माप घेत चालली आहे, आणि तो तिला आपल्या वेगळ्या चालीत काहीतरी सांगतो. मुलांचे पाढे आणि त्याचे गाणे एकमेकांत असे मिसळतात की दोन्ही स्वतंत्र ऐकू येतात आणि एकत्रही. भाची न सांगता मराठीत बेरजा म्हणू लागली, आणि आमच्या दाराला दिवाळीचे झेंडूचे तोरण लागलेलेच होते. वडिलांच्या मते चारांत हाच पहिला, आणि त्यांचे मत मला खोडून काढता येत नाही.

तरीही मी हा पहिला पाहा असे म्हणणार नाही. याला सहा ऑस्कर नामांकने होती आणि निर्मितीचा थाट पुरेपूर आहे. मात्र हा विनोदपट नाही. डॅनीने इथे स्वतःला जाणीवपूर्वक आवरले आहे. जो कधी उधळलेला पाहिलाच नाही त्याचे हे आवरलेपण नव्या प्रेक्षकाला केवळ सौम्यपणा वाटेल. शिवाय नर्तिकेवरच्या एकतर्फी प्रेमाची कथा मधल्या भागात रेंगाळते, आणि शेवटाकडचे जलपरीचे बॅले, झिझी जाँमेरचे नृत्य कितीही देखणे असले तरी, डॅनीला बराच वेळ पडद्याबाहेर ठेवते. भाची त्या वेळी उशीवर कलंडली होती.

आता ‘कोर्ट जेस्टर’. नॉर्मन पनामा आणि मेल्विन फ्रँक या जोडीने लिहिलेला, दिग्दर्शित केलेला आणि निर्माण केलेला हा चित्रपट त्या काळी सर्वांत खर्चिक विनोदपट म्हणून गाजला. खर्च सुमारे ४० लाख डॉलर झाला आणि प्रदर्शित झाला तेव्हा तो वसूल झाला नाही. पुढे दूरचित्रवाणीवर तो पिढ्यान्‌पिढ्या पाहिला गेला आणि २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. कथा मध्ययुगीन इंग्लंडची आहे. सिंहासन बळकावलेला राजा, जंगलात लपलेले बंडखोर आणि पाळण्यातला खरा वारस, ज्याच्या कुल्ल्यावर राजघराण्याची जन्मखूण आहे. बंडखोरांमध्ये बाळ सांभाळण्याचे काम करणारा हॉकिन्स हा डॅनी. त्याला विदूषकाच्या वेषात राजवाड्यात शिरावे लागते. मात्र ज्या विदूषकाचे सोंग तो घेतो तो मुळात भाडोत्री मारेकरी आहे, हे त्याला ठाऊक नसते.

या चित्रपटातले शब्दांचे खेळ सर्वांत प्रसिद्ध आहेत, आणि तरीही सबटायटल्सची गरज इथेच सर्वांत कमी पडते. याचे रहस्य मला दुसऱ्यांदा पाहताना उलगडले. द्वंद्वयुद्धाआधी दोन्ही योद्ध्यांनी पेयाचा प्याला उचलायचा आहे आणि एका प्याल्यात विष आहे. विषाची गोळी कोणत्या भांड्यात आणि चांगले पेय कोणत्या, हे चेटकीण ग्रिसेल्डा हॉकिन्सला यमकात पाठ करून देते : ‘पेलेट’ (गोळी) ‘व्हेसल’मध्ये (भांड्यात), त्या ‘व्हेसल’वर ‘पेसल’चे (बत्त्याचे) चित्र, आणि चांगले पेय ‘पॅलेस’च्या ‘चॅलिस’मध्ये (प्याल्यात). मिल्ड्रेड नॅटविक हे शब्द प्रथम सावकाश म्हणते, अगदी शाळेतल्या बाईंसारखी. हॉकिन्स चुकतो, ती दुरुस्त करते, तो पुन्हा चुकतो. आपणही त्याच्याबरोबर शिकत असतो. “कच्चा पापड, पक्का पापड” आधी हळू म्हणवून घेतात आणि मग वेग वाढवायला सांगतात, अगदी तसेच. शब्द आपल्याला पक्के झाले की मग बातमी येते की ‘चॅलिस’ फुटला आणि त्याच्या जागी ‘ड्रॅगन’चे चित्र असलेला ‘फ्लॅगन’ (सुरई) आला आहे, आणि विष आता त्यात आहे. यापुढे डॅनी कितीही वेगाने बोलला तरी आपल्याला काहीच वाचावे लागत नाही. तो कुठे घसरला ते आपल्याला त्याच्याआधी कळते. त्यामुळे नजर त्याच्या चेहऱ्यावर राहते, आणि त्या चेहऱ्यावर जीव वाचवण्यासाठी पाठांतर करणाऱ्या माणसाची जी काकुळती आहे ती दिसते. शिवाय हे शब्द म्हणजे मध्येच घुसवलेले गाणे नव्हे. ते विसरले तर माणूस मरणार आहे, आणि तिकडे प्रतिस्पर्धीही तेच शब्द पुटपुटत येतो आहे. वर विजेने भारलेले हॉकिन्सचे चिलखत लोहचुंबक होऊन बसले आहे. ‘मिटी’मध्ये जी कसरत कथेला थांबवते, तीच इथे कथेला ओढत नेते.

भाचीने दुसऱ्या दिवशी फराळाचे डबे लावताना स्वतःचे एक यमक जुळवले : “विषाची गोळी वाटीत, गोड सरबत लोटीत.” मग तिने आजोबांना सांगितले की लोटी फुटली, तिच्या जागी सुरई आली, आता विष सुरईत आणि सरबत वाटीत, तर म्हणून दाखवा. वडील तिसऱ्या खेपेला चुकले आणि दोघे किती वेळ हसत होते.

शब्दांशिवायचा भागही तितकाच भक्कम आहे. ग्रिसेल्डाने हॉकिन्सला संमोहित करून ठेवले आहे. कोणी चुटकी वाजवली की भित्र्या हॉकिन्सचा धाडसी, प्रेमळ वीर होतो, आणि पुन्हा चुटकी वाजली की तो पूर्वीसारखा होतो. राजकन्येच्या महालात आणि पुढे खलनायक झालेल्या बॅझिल रॅथबोनबरोबरच्या तलवारबाजीत हीच चुटकी वाजत राहते. एका क्षणी खांदे ताठ, हनुवटी वर, तलवार सहज फिरते आहे. दुसऱ्या क्षणी तेच हात तलवारीचे काय करावे या विचाराने थरथरतात. हा बदल डॅनी मानेच्या एका हालचालीत करतो. यासाठी कोणतीही भाषा लागत नाही. तशीच ती सरदारकी देण्याच्या समारंभाची घाई : एरवी संथ चालणारा विधी कवायतीच्या वेगाने उरकला जातो आणि हॉकिन्स रांगांमधून फरफटला जातो. त्या प्रसंगातले कवायत पथक मिशिगनमधल्या जॅक्सनचे खरेखुरे पथक होते, आणि त्यांच्या पावलांची शिस्त पाहिली की ते पटते.

या चित्रपटातही उणिवा आहेत. इटलीच्या दरबारातल्या ड्यूक, डोज आणि डचेस यांच्या भानगडींविषयी राजा विचारतो आणि हॉकिन्स उत्तर देतो, तो संवाद सबटायटल्सविना आमच्याही हाती लागला नाही. आपण विदूषक कसे झालो हे सांगणारे गाणे पुन्हा जुन्या वळणाचे, म्हणजे कथेला थांबवणारे आहे, फक्त तोवर माणूस आपला झालेला असतो म्हणून ते चालून जाते. कोणाला कोणाचे खरे रूप माहीत आहे याचा गुंता मधल्या अर्ध्या तासात जरा जास्तच होतो, आणि वडिलांना दोनदा समजावून सांगावे लागले. शिवाय रॅथबोनने १९३८ च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’मध्ये अशाच खलनायकाची भूमिका गंभीरपणे केली होती. तो पाहिलेला असेल तर इथली गंमत वाढते, आणि नसेल तर थोडी कमी पोचते. ज्याला केवळ निखळ गाणी हवी आहेत त्याने ‘अँडरसन’कडे जावे, आणि ज्याला डॅनीच्या जिभेची कमाल इंग्रजीतच अनुभवायची आहे, कान तयार आहेत, त्याला कदाचित ‘मिटी’ अधिक देईल. माझे मत इतरांना लागू पडेलच असे नाही. आमच्या घरातच ते पूर्णपणे लागू पडले नाही.

तरीही कोणी मला एकच नाव सांगा म्हटले, तर मी ‘कोर्ट जेस्टर’ सांगेन, आणि तोही पहिल्या अर्ध्या तासानंतर सबटायटल्स बंद करून. त्यानंतर मध्ये एक-दोन दिवस जाऊ देऊन ‘अँडरसन’ पाहावा, म्हणजे उधळलेला माणूस आवरतो तेव्हा काय करतो ते कळेल. ‘मिटी’ तिसरा ठेवावा आणि त्यातली दोन मोठी गाणी आधी वेगळी ऐकून घ्यावीत, म्हणजे ती आली तेव्हा वाचण्याची घाई होणार नाही. ‘इन्स्पेक्टर जनरल’साठी मी अजून स्वच्छ प्रतीच्या शोधात आहे. वडिलांनी तोवर ‘अंमलदार’ पुन्हा वाचायला काढले आहे.